रिकामा तक्ता चालत नाही

"ओरडायचं असेल तर ओरड. पण थकलेली असताना मुलाबद्दल काही लिहू नकोस. ओरडलेलं मूल घरी पोचेपर्यंत विसरतं. कागदाला विसरता येत नाही."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला हे सांगितलं होतं. मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या आमच्या मुख्याध्यापिका. बोलताना पदराने टेबलावरची खडूची भुकटी पुसत राहायच्या, त्यामुळे त्या आपल्याशी बोलताहेत की टेबलाशी, हे कळायला वेळ लागायचा. त्यांनीच मला आणखी एक सवय लावली. "तू रोज देवाचं करतेस ना? मग शाळा सुटल्यावर दहा मिनिटं रिकाम्या वर्गात बस आणि पटावरची सगळी नावं एकदा घे. नंबर नाही, नावं. कुठे अडखळलीस तर समज, त्या मुलाचं काहीतरी आपल्याकडे राहिलंय."

सव्वीस वर्षं मी हे करते आहे. सकाळी पाऊण तास देवासमोर, मग शाळेची घंटा होईपर्यंत मौन, शुक्रवारी उपास आणि शाळा सुटल्यावर ही नावं. नेम म्हणजे दुसरं काय, हात आपोआप वळावा तसं मनाला वळण. मौनाबद्दल आमच्या घरी तक्रार नाही. आमचे हे म्हणतात, "सकाळी साडेसातपर्यंत या घरात माझंच राज्य असतं."

मोठ्या बाई गेल्या, त्यांच्यानंतर दोघे आले आणि गेले, आणि गेल्या वर्षी नवे सर आले.

खोटं कशाला बोलू, शाळेची शिस्त बिघडली होतीच. जिन्यात ढकलाढकली, वर्गाच्या काचा, मधल्या सुट्टीनंतर अर्धी मुलं पटांगणात. एक तरुण शिक्षिका दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसून रडताना मी स्वतः पाहिली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं एकच पालुपद असायचं: पालथ्या घड्यावर पाणी. नव्या सरांनी निदान काहीतरी करायला घेतलं. त्यांनी वर्तनाचा तक्ता आणला. दर शुक्रवारी प्रत्येक शिक्षकाने आपापल्या तासांचा तक्ता भरायचा. डावीकडे हजेरी क्रमांक, मधे तारीख, उजवीकडे काय केलं ते. नोंद झाली की त्याची त्याची शिक्षा, ती भिंतीवर छापून लावलेली. एका आठवड्यात तीन नोंदी झाल्या, किंवा एकच मोठा प्रताप केला, की लाल पत्र. वर्षात दोन लाल पत्रं, की दाखला हातात आणि शाळा बंद.

पहिले काही आठवडे माझा तक्ता कोराच गेला. मग ऑफिसातले कारकून तो घेऊन वर आले. भला माणूस, पण तीन मजले चढून आला की आधी माणसावर चिडतो, मग कारण शोधतो.

"बाई, रिकामा तक्ता चालत नाही."

"मुलं नीट वागली, तर काय लिहू?"

"नीट वागली? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस? बाई, देवळातसुद्धा चपला चोरीला जातात. सर म्हणतात, रिकामा तक्ता म्हणजे शिक्षकाचं लक्ष नाही. निदान एक तरी नोंद टाका."

तेव्हापासून मी दर शुक्रवारी एक नोंद टाकू लागले. वही विसरला, उशिरा आला, असं काहीतरी. दर वेळी वेगळा क्रमांक, म्हणजे कोणावर भार नको. मला वाटायचं, मी पळवाट काढली.

माझ्या वर्गात हजेरी क्रमांक सत्तावीसची एक मुलगी होती. शिक्षकांच्या खोलीत तिला भोंगा म्हणत. ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जायचं. नकला तर अशा करायची की पीटीच्या सरांची शिट्टी हिच्या तोंडातून ऐकून अख्खी रांग सावधान व्हायची. पहिल्या सहामाहीत तिने शाळेच्या घंटेची हातोडी पळवली आणि शिपाईमामांना ती सापडेपर्यंत गणिताचा तास चाळीस मिनिटं जास्त चालला. त्याचं लाल पत्र तिला मिळालं, आणि ते रास्तच होतं. मीच सही केली होती. आईवडील नव्हते, मावशी सांभाळायची. मावशी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला.

त्या शुक्रवारी माझा उपास होता. पाच तास झाले होते, त्यात एक रजेवरच्या बाईंचा बदली तास. गुडघा सकाळपासून बोलत होता. शेवटच्या घंटेनंतर मी शिक्षकांच्या खोलीत आले, तर कारकून दारातच तक्ता घेऊन उभे.

"बाई, तुमचा एकच राहिलाय. मला कुलूप लावायचंय."

मी खुर्चीत बसले. पेन हातात घेतलं. आठवडाभरात कोण काय वागलं, काहीही आठवेना. डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं.

पीटीचे सर बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, "विचार कसला करताय? सत्तावीस टाका नि मोकळ्या व्हा. आम्ही सगळे तेच करतो. तिच्या नावावर एक काय नि दोन काय, तिला काही फरक पडत नाही."

"काय लिहू?"

"काहीही. हसते म्हणा. हसत तर असतेच."

मी लिहिलं. सत्तावीस. शुक्रवारची तारीख. वर्गात विनाकारण हसते. कारकुनांनी तक्ता जवळजवळ ओढूनच नेला.

मग नेहमीप्रमाणे वर्गात जाऊन बसले. डोळे मिटून नावं घेऊ लागले. सव्विसावं झालं. सत्ताविसावं नाव ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मी डोळे उघडले. खिडकीजवळचं तिसरं बाक समोर होतं आणि मला सकाळ आठवली. सकाळीही ते बाक रिकामंच होतं. हजेरी घेताना मीच तिच्यापुढे गैरहजर लिहिलं होतं. आणि मनात म्हणाले होते, बरं झालं, आज जरा श्वास घेता येईल.

जी मुलगी शाळेतच नव्हती, ती माझ्या वर्गात विनाकारण हसली होती.

गुडघा धरून तीन मजले उतरले. ऑफिसला कुलूप लागलेलं होतं.

शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी घंटेच्या आधीच मी ऑफिसात गेले. मौन होतं, म्हणून कागदावर लिहून विचारलं, शुक्रवारचा तक्ता कुठे आहे? कारकुनांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या सत्तावीसचं ना? झालं की काम. तीन भरल्या."

"तीन?" मौन मोडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"बुधवारी पीटीच्या सरांची, रांगेत बोलते. गुरुवारी विज्ञानाच्या बाईंची, उलट उत्तर देते. शुक्रवारी तुमची. लाल पत्र तयार आहे. मावशीला फोन गेलाय, उद्या शाळा सुटल्यावर बोलावलंय. दुसरं लाल म्हणजे..." त्यांनी हाताने दार उघडल्यासारखं केलं.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ऐकताना ते टेबलावरचा टाचण्यांचा डबा उघडत होते, बंद करत होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे कोणाला बोलू नका. खोटी नोंद म्हणजे तुमच्याच अंगाशी येईल. सर शिस्तीचे आहेत. तुम्ही असं करा, हजेरीपट तुमच्याकडेच आहे ना? गैरहजरवर एक रेघ ओढा नि हजर करा. एका अक्षराचा प्रश्न आहे."

"आणि मुलगी?"

"मुलगी आज ना उद्या जाणारच होती, बाई. तुम्ही कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय?"

वाईट माणूस नाही. मला वाचवत होता. मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "उद्या बघू."

संध्याकाळी हजेरीपट घरी आणला. कधी आणत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उघडा ठेवून बसले. ह्यांनी चहा ठेवला, पट पाहिला. कप माझ्यापुढे ठेवताना एवढंच म्हणाले, "आज तुझं मौन संध्याकाळी आहे वाटतं."

मग मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू माझ्यापुढे कधी खोटं बोलली नाहीस, म्हणून मला तुझ्यावर आयुष्यभर चिडता आलं नाही. आता ही संधी मला देतेस का?"

हसू आलं, पण झोप आली नाही. सत्तावन्न वर्षं वय. वर्गात आवाज चढवत नाही, म्हणून पालक मला नमस्कार करतात. "बाईंच्या शब्दाला किंमत आहे," असं लोक म्हणतात ते माझ्या कानावर येतं, आणि खरं सांगते, ते गोड लागतं. ते जाईल याची भीती त्या मुलीच्या भीतीपेक्षा मोठी होती. देवासमोर बसून हे कबूल करताना मान वर होईना.

मंगळवारी शाळा सुटल्यावर सरांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. सर, बाजूच्या टेबलाशी कारकून, शिस्त समितीचे म्हणून पीटीचे सर, मी, मावशी आणि भोंगा. मावशी कामावरून तशीच आली होती. निळा झगा, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, हात पाण्याने पांढरे पडलेले. भोंगा तिच्या मागे, एका पायावर भार देऊन. तिचा उजवा गाल थोडा फुगलेला होता. मला वाटलं, गोळी चघळत असेल.

सरांनी नोंदी वाचल्या. शांतपणे वाचल्या. त्यांना आनंद होत नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. "रांगेत बोलते. उलट उत्तर देते. वर्गात विनाकारण हसते."

"विनाकारण कसं हसेल माणूस?" मावशी म्हणाली. "कारण असणारच. विचारलंत का कोणी?"

"मावशी, प्रश्न हसण्याचा नाही, प्रश्न शिस्तीचा आहे."

"साहेब, मी दिवसाला चारशे चादरी धुते. एकेका चादरीवर काय काय असतं, ते बघून सोडा घालावा लागतो. सगळ्यांना एकच उकळी दिली, तर डाग जात नाही, चादर जाते." मग तिने भोंग्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "आणि ही काही गुणाची पुतळी नाही, मला ठाऊक आहे. घरी पण भोंगाच आहे. पण शाळा सुटली तर ही माझ्याबरोबर धुलाईघरात येईल. दुसरी शाळा हिला घेणार नाही, हातोडीची गोष्ट गावभर झालीय. मग तिथे वाफेत हिचा आवाज कोणाला ऐकू जाणार?"

पीटीचे सर बुटाच्या नाडीकडे बघत होते. बांधलेली होती.

"हे हसण्याचं कधीचं?" मावशीने विचारलं.

"शुक्रवारचं," सर म्हणाले.

मावशीच्या कपाळावर आठी आली. ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. त्याच क्षणी मी उभी राहिले. तिने मोजलं म्हणून मी बोलले, की मी बोलणारच होते, हे मला अजूनही सांगता येत नाही. मला वाटतं, बोलणार होते. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

"सर, ती नोंद खोटी आहे. शुक्रवारी ही शाळेत नव्हती." मी हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला. "मी थकले होते. काय लिहावं सुचेना. तक्ता रिकामा चालत नाही, म्हणून हिचा नंबर टाकला."

मावशीची बोटं मोजता मोजता थांबली.

"शुक्रवारी मी हिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं," मावशी सावकाश म्हणाली. "दाढ काढली. गाल इतका सुजला होता की हसायची सोयच नव्हती, बाई."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सरांनी पट पाहिला, तक्ता पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही? इथे इतर कोणी असतं, तर मला नवल वाटलं नसतं."

"मलाही वाटलं नसतं," मी म्हणाले.

"अशा किती नोंदी आहेत?"

"माझी ही एक खोटी आहे. बाकीच्या खऱ्या, पण उगाच. आणि इतरांचं मी सांगणार नाही."

पीटीच्या सरांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता मला थांबवतील. ते म्हणाले, "सर, माझी रांगेतली खरी आहे. पण रांगेत सगळीच बोलत होती. हिचाच आवाज ऐकू येतो, त्याला ती काय करणार? आणि बाईंना 'सत्तावीस टाका' हे मीच सांगितलं होतं."

सरांनी लाल पत्र उचलून मधोमध घडी घातली आणि खणात ठेवलं. फाडलं नाही. "लाल पत्र जात नाही. मुलगी शाळेत राहील. तक्त्याचं काय करायचं, ते बघतो मी. पण दोन नोंदी उरतात. दोन आठवडे, रोज सकाळी साडेसहाला येऊन सगळ्या वर्गांचे फळे पुसायचे. उद्यापासून. मान्य?"

मावशीने मान हलवली. तिचे खांदे इतके खाली आले की झगा सैल झाल्यासारखा वाटला.

भोंगा आतापर्यंत गप्प होती. एवढा वेळ गप्प बसलेली मी तिला पाहिलेली नव्हती. आता तिने बोट वर केलं, वर्गात करते तसं.

"सर, खोटं लिहिलं तर किती दिवस असतात?"

"गप गं!" मावशीने तिचा दंड धरला.

"विचारतेय फक्त. भिंतीवरच्या यादीत आहे ना, खोटं बोलणे, दोन आठवडे. लिहिण्याचं नाहीये."

कारकुनांनी तोंडावर कागद धरला. सर मला काही म्हणणार, त्याआधी मी म्हणाले, "लिहिण्याचेही तेवढेच."

"बाई, याची गरज नाही," सर म्हणाले. "तुमच्याशी मी स्वतंत्र बोलेन. लेखी खुलासा द्यावा लागेल."

"तो देईनच, सर. ही शिक्षा वेगळी."

बाहेर जिन्यात मावशी पुढे उतरली, तिला कामावर परत जायला उशीर होत होता. भोंगा मागे रेंगाळली. मला वाटलं, आभार मानेल. माणसाचं मन मोठं लबाड असतं, खोटं लिहून झाल्यावरही आभारांची वाट बघतं.

"तुम्ही नाही येणार," ती म्हणाली.

"का गं?"

"मोठी माणसं सगळ्यांसमोर म्हणतात, येतो. मग सकाळी त्यांचं काहीतरी असतं." ती माझ्या चालण्याकडे बघत होती. "आणि फळे चौदा आहेत. तीन मजले. तुमचा पाय दुखतो."

"दुखतो."

"शिवाय सकाळी तुम्ही बोलत नाही. सगळ्यांना माहीत आहे. मी तर बोलते. मला गप्प बसून फळे नाही पुसता येणार, आधीच सांगते."

"बोल तू."

"तुम्ही उत्तर दिलं नाही तर भिंतीशी बोलल्यासारखं होतं."

सव्वीस वर्षांचा नेम. मोठ्या बाई असत्या तर टेबल पुसत बसल्या असत्या.

"उत्तर देईन," मी म्हणाले. "साडेसहाला फाटकाशी येते. कबूल."

"बघू," भोंगा म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेली. खालून पीटीच्या सरांची शिट्टी ऐकू आली. पीटीचे सर तर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी वर्गात बसून मी नावं घेतली. सत्ताविसाव्याला परत अडखळले. कबुली दिली म्हणून राहिलेलं फिटत नाही, एवढं मला कळलं.

आज सकाळी उठले तेव्हा अंग जडशीळ होतं. गुडघ्याला तेल चोळलं. पाणी ठेवलं. देवासमोर बसले, तर घड्याळात पावणेसहा झालेले. पायी पस्तीस मिनिटांचा रस्ता, ह्या पायाने चाळीस. पहिली बस साडेसहानंतर सुटते. पाऊण तास बसले तर फाटकाशी कोणी माझी वाट बघणार नव्हतं. एक मुलगी फक्त मान हलवून आत जाणार होती. तिला ते नवीन नव्हतं.

मी हात जोडले आणि उठले. देवाला म्हणाले, राहिलेलं चालता चालता. रागावला असेल तर रागावला, त्याच्यापाशी माझी बरीच शिल्लक असावी, निदान मी तसं समजून चालते.

जुन्या चादरीचे दोन तुकडे रात्रीच फाडून ठेवले होते, ओल्या फडक्याला. ते पिशवीत टाकले. ह्यांची झोप चाळवली.

"कुठे निघालीस एवढ्यात?" अंथरुणातूनच विचारलं, आणि मग सवयीने म्हणाले, "अरे हो, तू बोलणार नाहीस."

"फळे पुसायला," मी म्हणाले.

ते उठून बसले. माझा आवाज या वेळी त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी चपला हातात घेतल्या, दार अलगद ओढलं आणि शेजारच्यांची झोप मोडू नये म्हणून पहिला जिना अनवाणीच उतरले.